आर्थिक निर्बंध आणि न्याय्य युद्धाची कसोटी

एखाद्या राज्यकर्त्याला वठणीवर आणण्यासाठी त्याच्या देशात सैन्य न घुसवता त्या देशाचा व्यापार, बँकव्यवहार आणि परदेशात ठेवलेला पैसा अडवून धरणे याला आर्थिक निर्बंध म्हणतात, आणि शीतयुद्ध संपल्यापासून अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणात मुत्सद्देगिरी व युद्ध यांच्या मधली बरीचशी जागा या साधनाने व्यापली आहे. निर्बंध लादल्याने अमेरिकी सैनिकाचा जीव धोक्यात येत नाही, सरकारी तिजोरीवर युद्धासारखा भार पडत नाही, आणि अन्याय पाहून सरकार स्वस्थ बसले नाही असे मतदारांना सांगता येते. परंतु राजकीय सोय वेगळी आणि नैतिक श्रेष्ठता वेगळी. रक्त सांडत नाही एवढ्यावरून एखादे साधन अहिंसक ठरते काय, आणि ठरत नसेल तर ते वापरणाऱ्यावर युद्ध करणाऱ्याइतकीच नैतिक बंधने येतात काय, हा अमेरिकेच्या सुरक्षाविषयक धोरणातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला धर्मनैतिक प्रश्न आहे.

निर्बंधांकडे युद्धाचा सभ्य पर्याय म्हणून पाहण्याची दृष्टी अमेरिकेत रुजवली ती राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेले विल्सन १९१९ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या करारासाठी लोकमत तयार करीत देशभर फिरत होते, तेव्हा आक्रमक राष्ट्रावर सर्वांनी मिळून टाकलेला आर्थिक बहिष्कार हा शांततामय, निःशब्द पण प्राणघातक उपाय आहे आणि तो योजला तर बळाची गरजच उरणार नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. एकच उपाय शांततामय आणि प्राणघातक कसा असू शकतो, हा प्रश्न त्या सभांत कोणाला फारसा खटकला नसावा. वास्तविक त्याचे उत्तर ताजे होते. ब्रिटनने १९१४ पासून केलेली जर्मनीची सागरी नाकेबंदी नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीनंतरही चालू राहिली होती आणि पुढील वर्षाच्या जुलैमध्ये ती उठली. दरम्यान उपासमारीने व तिच्यामुळे बळावलेल्या आजारांनी जर्मन नागरिकांचे मोठ्या संख्येने बळी घेतले होते. विल्सन यांना या अस्त्राची धार ठाऊक होती, म्हणूनच त्यांचा त्यावर विश्वास होता. राष्ट्रसंघाच्या कराराच्या सोळाव्या कलमात आर्थिक निर्बंधांची तरतूद झाली, पण खुद्द अमेरिका त्या संघात सामील झाली नाही.

निर्बंधांचे मूल्यमापन करण्यासाठी सर्वांत जुनी आणि सर्वांत सुसंघटित चौकट उपलब्ध आहे ती न्याय्य युद्धाच्या विचारपरंपरेची. संत ऑगस्टीन आणि तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातून घडत गेलेली ही परंपरा युद्धाला सरसकट पाप मानत नाही आणि सरसकट मोकळीकही देत नाही. युद्ध पुकारण्यासाठी कारण न्याय्य हवे, ते पुकारणारी सत्ता वैध हवी, हेतू शुद्ध हवा, इतर उपाय संपलेले हवेत आणि यशाची वाजवी शक्यता हवी, असे ती सांगते. आणि युद्ध चालू झाल्यावर दोन तत्त्वे पाळण्याचा आग्रह धरते. पहिले भेदाचे तत्त्व, म्हणजे लढणारा आणि न लढणारा यांच्यात फरक करून दुसऱ्यावर कधीही हेतुपुरस्सर घाव न घालणे. दुसरे प्रमाणाचे तत्त्व, म्हणजे होणारे नुकसान साध्य होणाऱ्या हिताच्या मानाने अतोनात नसणे. शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला ही तत्त्वे लागू होतात याबद्दल आज कोणी वाद घालत नाही. वाद आहे तो एवढाच की अर्थखात्यातील टेबलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती लागू होतात की नाही.

या वादाचा निकाल लावण्यासाठी वेढ्याचे उदाहरण निर्णायक ठरते, कारण वेढा हे रक्त न सांडता मारणारे सर्वांत जुने अस्त्र आहे. तटबंदीच्या आत सैनिकही असतात आणि बायका-मुलेही असतात. रसद तोडली की उपासमार आधी दुबळ्यांना गाठते, कारण उरलेले धान्य हाती शस्त्र असलेल्याच्या ताब्यात जाते. बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिदीस यांनी म्हणूनच असा नियम नोंदवून ठेवला की शहर जिंकण्यासाठी वेढा घालताना तो चारही बाजूंनी घालू नये, तीनच बाजूंनी घालावा, म्हणजे ज्याला पळून जीव वाचवायचा आहे त्याला वाट राहील. अर्थशास्त्रात किल्ले जिंकण्याच्या उपायांची चर्चा करताना कौटिल्यासारखा कठोर व्यवहारवादीही प्रदेशातील वसलेल्या लोकांना अभय देण्यास सांगतो, कारण माणसांवाचून जनपद नाही आणि जनपदावाचून राज्य नाही. अमेरिकी तत्त्वचिंतक मायकेल वॉल्झर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ या ग्रंथात वेढ्यावर स्वतंत्र प्रकरण लिहून हाच धागा पुढे नेला, आणि त्याच वर्षी जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरण्यास बंदी घातली. अमेरिकेने त्या प्रोटोकॉलवर सही केली, पण त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही.

व्यापक निर्बंधांचे समर्थक येथे एक महत्त्वाचा आक्षेप घेतात. नागरिकांचे हाल व्हावेत असा निर्बंध लादणाऱ्याचा हेतू नसतो, हेतू राज्यकर्त्यावर दबाव आणण्याचा असतो आणि हाल हा त्याचा अटळ पण अनिष्ट परिणाम असतो, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद अक्वायनसपर्यंत मागे नेता येणाऱ्या द्विविध परिणामाच्या सिद्धांतावर उभा आहे. एकाच कृतीचे एक चांगला आणि एक वाईट असे दोन परिणाम होत असतील, तर कृती मुळात निषिद्ध नसेल, कर्त्याचा हेतू चांगल्याच परिणामाचा असेल, वाईट परिणाम प्रमाणाबाहेर नसेल आणि वाईट परिणाम हा चांगल्याचे साधन बनलेला नसेल, तरच ती कृती क्षम्य ठरते, असे हा सिद्धांत सांगतो. व्यापक निर्बंध अडखळतात ते या शेवटच्या अटीपाशी. शत्रूचा शस्त्रकारखाना उडवताना शेजारचे घर पडले तर घर पडल्यामुळे कारखाना बंद पडलेला नसतो. परंतु संपूर्ण देशाचा व्यापार तोडल्यावर राज्यकर्ता नमेल अशी जी अपेक्षा असते, ती जनता हैराण होईल आणि त्या हैराणीचा दाब वर पोहोचेल याच गृहीतावर उभी असते. जनतेची झळ येथे साधनच असते, उपपरिणाम नसतो. म्हणून ‘हेतू तसा नव्हता’ एवढे सांगून निर्बंध लादणाऱ्याला नामानिराळे राहता येत नाही.

इराकचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेन यांनी कुवेतवर आक्रमण केले आणि चारच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव करून इराकचा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. १९९१ च्या युद्धात वीजकेंद्रांवर बॉम्बहल्ले झाले, वीज गेल्यामुळे पाण्याचे व सांडपाण्याचे पंप थांबले, आणि पंपांचे सुटे भाग, नळ, पाणी निर्जंतुक करण्याची सामग्री आणायची तर ती निर्बंधांच्या समितीपुढे मांडावी लागू लागली. ही सामग्री लष्करी कामासाठीही वापरता येईल, म्हणजे ती दुहेरी उपयोगाची आहे, अशी शंका समितीतील एकाही सदस्याने घेतली तर माल अडकून पडे. पिण्याचे पाणी शुद्ध करणारा क्लोरीन रासायनिक अस्त्रांसाठीही लागतो, हे त्या शंकेचे ठरावीक उदाहरण होते. मंजुरी रोखून धरण्याचा हा अधिकार सर्वांत जास्त वापरला तो अमेरिकेने. प्रत्येक हरकत सुटी घेतली तर तिच्यामागे सुरक्षेचे काही तरी कारण सापडे; पण पंप मिळाला आणि त्याचा भाग अडला, किंवा यंत्र आले आणि त्याला चालवणारी वीज नव्हती, अशा हरकतींची एकत्रित फलनिष्पत्ती म्हणजे नळाला येणारे दूषित पाणी. तेलाच्या बदल्यात अन्न या योजनेचा ठराव १९९५ साली झाला, तेल निघाले १९९६ च्या डिसेंबरमध्ये, आणि पहिले धान्य पोहोचले १९९७ च्या मार्चमध्ये. संयुक्त राष्ट्रसंघाचे इराकमधील मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामे दिले.

या प्रकरणात आकड्यांविषयी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. निर्बंधांमुळे पाच लाख मुले दगावली असे १९९० च्या दशकात जगभर सांगितले गेले. या अंदाजाला बळ देणाऱ्या १९९९ च्या सर्वेक्षणातील माहितीत इराकी राजवटीनेच फेरफार केला होता, असा निष्कर्ष पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निघाला. २००३ नंतर झालेल्या सर्वेक्षणांतही बालमृत्यूची तशी मोठी लाट आढळली नाही. त्यामुळे तो आकडा आज आधार म्हणून वापरता येत नाही. तथापि नैतिक प्रश्न त्या आकड्याबरोबर निकालात निघत नाही. १९९६ साली अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रसंघातील राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत पाच लाख मुलांच्या मृत्यूविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी आकडा नाकारला नाही. निवड कठीण आहे, पण ही किंमत मोजण्याजोगी आहे असे त्यांना वाटते, असे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. परंतु आकडा खोटा होता हे उत्तर देणाऱ्याला तेव्हा माहीत नव्हते. खरा समजूनच त्याचा हिशेब झाला आणि तो परवडला. एखाद्या धोरणाची नैतिक वृत्ती त्याच्या प्रत्यक्ष बळींच्या संख्येवरून जेवढी कळते, तेवढीच ते किती बळी पचवायला तयार होते यावरूनही कळते.

सद्दाम हुसेन यांच्यावरील दोषारोपही यामुळे सौम्य होत नाही. तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना स्वीकारण्यास त्यांनी विलंब लावला, चोरट्या तेलविक्रीतून आपली राजवट पोसली, आणि त्या योजनेतही लाच कशी उकळली गेली हे पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने २००५ मध्ये दाखवून दिले. भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांना त्या समितीच्या अहवालामुळे पद सोडावे लागले. पण आतल्या राजाने धान्य लुबाडले म्हणून वेढा घालणाऱ्याचा वाटा पुसला जात नाही. राज्यकर्ता आपल्या लोकांची पर्वा करत नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्यानेच लोकांच्या हालांमधून त्या राज्यकर्त्याला पाझर फुटेल यावर धोरण बेतावे, ही नैतिक चूक तर आहेच, शिवाय तर्काचीही चूक आहे. न्याय्य युद्धाच्या भाषेत सांगायचे तर तेथे यशाची वाजवी शक्यताच उरत नाही.

इराकवरील निर्बंध सुरक्षा परिषदेचे होते. आज अमेरिकेला त्या परिषदेची तेवढी गरज उरलेली नाही, कारण तिच्या हाती डॉलर आहे. जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय गंगाजळीत निम्म्याहून अधिक वाटा डॉलरचा आहे, आणि दोन परक्या देशांतील व्यापाऱ्यांनी डॉलरमध्ये व्यवहार केला तरी तो पैसा बहुधा अमेरिकेतील एखाद्या बँकेच्या खात्यातून वळतो. या वळणावर अमेरिकेचा कायदा लागू होतो. १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला व्यापक अधिकार दिले, आणि अर्थखात्याचे विदेशी मालमत्ता नियंत्रण कार्यालय ज्यांची नावे काळ्या यादीत घालते त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या तिसऱ्या देशातील कंपनीलाही दुय्यम निर्बंधांची, म्हणजे आपणही यादीत जाण्याची, भीती दाखवता येते. अमेरिकी अर्थखात्याच्याच २०२१ च्या आढाव्यानुसार २००० साली या प्रकारच्या निर्बंधांखाली ९१२ नोंदी होत्या, त्या २०२१ पर्यंत ९,४२१ झाल्या. सुदान, इराण व क्युबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांसाठी २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरले. त्यानंतर औषधे व अन्न यांना कागदोपत्री सूट असली, तरी त्यांचे पैसे वळते करण्याची जोखीम घेण्यास बँका कचरू लागल्या तर नवल नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इराणच्या अर्जावर दिलेल्या तात्पुरत्या आदेशात औषधे, अन्न आणि विमानांच्या सुरक्षेसाठी लागणारे भाग यांच्या मार्गातील अडथळे दूर करण्यास अमेरिकेला सांगावे लागले, ते याच कारणाने. मे २०१९ मध्ये इराणी तेलाच्या खरेदीसाठी अमेरिकेने दिलेली सवलत संपताच भारतानेही ती खरेदी थांबवली; इराणशी भारताचे भांडण नव्हते, पण डॉलरशी वैर परवडणारे नव्हते.

या सामर्थ्याचा नैतिक अर्थ लावण्यासाठी अमेरिकेच्याच विसाव्या शतकातील धर्मचिंतक रायनहोल्ड नीबूर यांच्याकडे वळावे लागते. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापन करणाऱ्या नीबूर यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॉरल मॅन अँड इमॉरल सोसायटी’ या ग्रंथात हिंसक दडपण आणि अहिंसक दडपण यांत मूलभूत फरक नसून तरतमाचाच फरक आहे असे मत मांडले, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते गांधींच्या बहिष्काराचे. भारताने विलायती कापड नाकारले की त्याची झळ मँचेस्टरच्या गिरणीकामगारांच्या मुलांच्या ताटापर्यंत पोहोचते, तशीच दोस्तराष्ट्रांच्या नाकेबंदीची झळ जर्मन मुलांपर्यंत पोहोचली होती, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवले. गांधींच्या मार्गाविषयी त्यांना आदर होता, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी त्याचा उपयोग होईल असेही त्यांनी त्याच ग्रंथात म्हटले. त्यांना मान्य नव्हता तो या मार्गाने जाणाऱ्याच्या हाताला कोणाचेही दुःख लागत नाही हा भ्रम. वीस वर्षांनंतर ‘द आयरनी ऑफ अमेरिकन हिस्टरी’ या ग्रंथात त्यांनी हेच निदान आपल्या राष्ट्राला लावले. आपण निष्पाप आहोत या समजुतीवर वाढलेले राष्ट्र जगातील सर्वांत बलाढ्य बनते, तेव्हा त्याचे सद्गुणच त्याला आंधळे करतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

नीबूर यांच्या उदाहरणाची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९३१ च्या सप्टेंबरमध्ये, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधी लँकेशायरमधील डार्वेन या गिरणगावाला गेले आणि ज्यांची रोजी बहिष्काराने बुडाली होती त्या कामगारांना भेटले. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही. कामगारांच्या बेकारीचे दुःख मान्य करून त्यांनी भारतातील भुकेची स्थिती त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्या कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. आर्थिक दडपण नैतिक ठरायचे असेल तर त्यासाठी लागणारी अट येथे दिसते: दडपण आणणाऱ्याने ज्यांना झळ बसते त्यांच्यासमोर उभे राहून तिची जबाबदारी स्वीकारली पाहिजे, आणि शिवाय स्वतःही त्याची किंमत मोजली पाहिजे. खादी वापरणारा माणूस स्वस्त कापड सोडत होता. निर्बंधांची सही करणाऱ्याला असे काही सोडावे लागत नाही.

निर्बंध नेहमीच अनैतिक असतात असा निष्कर्ष यातून निघत नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीविरुद्ध अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला, तेव्हा ज्यांना झळ बसणार होती त्या बहुसंख्य जनतेच्या प्रमुख संघटना आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासारखे धर्मगुरू स्वतःच निर्बंधांची मागणी करीत होते. सोसणाऱ्याची संमती असेल तर त्याची झळ हे परक्याने वापरलेले साधन राहत नाही, ते त्याच्याच लढ्याचा भाग बनते. याउलट मे १९९८ मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर भारतावर आणि त्यांच्यापाठोपाठच्या चाचण्यांनंतर पाकिस्तानवर जे निर्बंध आले, त्यांतून शेतमालाच्या निर्यातीसाठी जुलैमध्येच वाट काढली गेली. पाकिस्तानची बाजारपेठ हातची जाईल या धास्तीने अमेरिकी गहू-उत्पादकांनी दबाव आणला होता. सूट योग्य होती, पण तिचे कारण भुकेल्याचा विचार नव्हता. भारताने त्याच वर्षी अनिवासी भारतीयांकडून रोख्यांद्वारे ४.२ अब्ज डॉलर उभे केले, आणि २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेला दहशतवादविरोधी लढ्यात दक्षिण आशियाची गरज पडताच निर्बंध उठले. अण्वस्त्रे मात्र राहिली.

इराकच्या अनुभवानंतर संपूर्ण देशाऐवजी विशिष्ट व्यक्ती, कंपन्या व बँका यांच्यावर नेम धरणारे लक्ष्यित निर्बंध पुढे आले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाच्या ठरावाने मानवतावादी मदतीला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मालमत्ता गोठवणाऱ्या निर्बंधांतून सूट दिली. हा ठराव मांडण्यात आयर्लंडबरोबर अमेरिकाही होती. ही खरी नैतिक प्रगती आहे. मात्र एखाद्या देशाची मध्यवर्ती बँकच यादीत टाकली की लक्ष्यित आणि व्यापक यांतील सीमारेषा पुसट होते, आणि १९६२ पासून पूर्ण स्वरूपात चालू असलेल्या क्युबाच्या व्यापारबंदीसारखे धोरण तर ‘इतर उपाय संपल्यावरचा उपाय’ राहत नाही, सवय बनते. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने तिच्याविरुद्ध वारंवार मोठ्या बहुमताने ठराव केले, तरी ती उठलेली नाही.

अमेरिकेच्या सुरक्षेला धोके आहेत आणि आर्थिक बळ वापरण्याचा तिला हक्कही आहे, हे मान्य करूनच या विषयाचा निवाडा करावा लागतो. बॉम्ब टाकण्यापूर्वी जे प्रश्न विचारले जातात तेच निर्बंध लादण्यापूर्वी विचारले पाहिजेत: कोणाला झळ बसेल, ती साधन आहे की उपपरिणाम, राज्यकर्ता नमेल असे मानण्यास आधार काय, उपाय कधी थांबेल, आणि पळून जाऊ पाहणाऱ्यासाठी चौथी बाजू मोकळी आहे काय. या प्रश्नांची उत्तरे देण्याचा भार निर्बंध लादणाऱ्यावर आहे. ज्याच्या घरातील नळ कोरडा पडतो त्याने आपले निरपराधत्व सिद्ध करत बसण्याची अपेक्षा कोणत्याही धर्माच्या नीतीत बसत नाही. ही उत्तरे जे निर्बंध देऊ शकत नाहीत, ते युद्धाला पर्याय ठरत नाहीत. ते दुबळ्यांविरुद्ध चालवलेले, घोषणा न केलेले युद्धच ठरतात.